शत्रूच्या घरातली बाई

शत्रू किती वाईट आहे हे वाचकाला दोन पानांत पटवायचं असेल, तर फँटसी लिहिणाऱ्याच्या हातात एक हुकमी पत्ता असतो. तो शत्रूच्या घरातली बाई दाखवतो. ती पडद्याआड असते, किंवा साखळीत. बाजारात विकली जाते, नाहीतर म्हाताऱ्या वजिराच्या गळ्यात बांधली जाते. किंवा याच्या बरोबर उलट, तीच सिंहासनावर बसलेली असते, हातात चाबूक आणि पायाशी लोळणारे पुरुष. दोन्ही चित्रांतून निघतं एकच: हे लोक आपल्यासारखे नाहीत, यांच्याशी लढायला हरकत नाही. एवढं सिद्ध झालं की बाईचं काम संपतं. युद्ध सुरू होतं आणि ती पानांतून नाहीशी होते.

शत्रूच्या पुरुषांसाठीही असेच दोन साचे तयार असतात. एक अत्तर लावलेला, मऊ हातांचा, खोज्यांच्या घोळक्यात बसणारा. दुसरा घामट, दाढीवाला, मांस फाडून खाणारा. एकात पौरुष कमी पडतं, दुसऱ्यात उतू जातं. योग्य प्रमाण फक्त आपल्या नायकापाशी.

माझी तक्रार शत्रूला वाईट दाखवण्याबद्दल नाही. लढाई हवी तर शत्रू हवाच, आणि तो गोडगोड असून चालत नाही. मला खटकतं ते वेगळं आहे. या परक्या समाजातल्या बायकांना आपल्या समाजाबद्दल काय वाटतं, त्यांचं आपसात कशावरून जमत नाही, सासूशी, राजाशी, पुरोहिताशी त्या कशा भांडतात, हे जवळजवळ कधीच कळत नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात. पळून आपल्या बाजूला यायचं, किंवा मरायचं.

उलट्या आरशाची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने इजिप्तचं वर्णन करताना लिहून ठेवलं की तिथे बायका बाजारहाट करतात आणि पुरुष घरी बसून विणतात. बायका उभ्याने लघवी करतात आणि पुरुष बसून. तो इजिप्तला शत्रू मानत नव्हता, उलट त्याला त्या देशाचं अपार कौतुक होतं. पण परका देश ग्रीक वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करायचा तर बाईपुरुषांच्या कामांची अदलाबदल दाखवण्याइतका सोपा उपाय त्यालाही सापडला नाही. आज ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अद्भुत जगातली पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळणाऱ्या पोरांना भूमिगत शहरांत राहणारे काळ्या कातडीचे ‘ड्राव’ माहीत असतात. १९७८ साली ते या खेळात आले. त्यांच्यात सत्ता बायकांची, देवी कोळ्याच्या रूपातली, पुजारणींच्या हातात सापांची तोंडं असलेले चाबूक. पुढे आर. ए. साल्वातोरेने १९९० च्या ‘होमलँड’ कादंबरीत हे जग तपशिलाने रंगवलं, आणि त्याचा नायक अर्थातच तिथून बाहेर पडणारा पुरुष. बायकांचं राज्य आलं की ते असंच क्रूर असणार, हे गृहीत धरूनच सगळी रचना उभी आहे. पुरुषांच्या राज्यातल्या क्रौर्याला मात्र या दालनात राजकारण म्हणतात. २०२० साली खेळाच्या प्रकाशकांनी जाहीर केलं, की ऑर्क (राक्षसांसारखी एक जमात) आणि ड्राव यापुढे सरसकट दुष्ट दाखवणार नाही. चांगलं झालं. पण त्यांच्या बोलण्याचा रोख वंशावर होता; बाईची सत्ता म्हणजे विकृती, या समीकरणाची तेवढी चर्चा झाली नाही.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये, कारण आपल्याला स्त्रीराज्य ठाऊक आहे. जैमिनीच्या अश्वमेधात अर्जुनाचा घोडा स्त्रियांच्या राज्यात शिरतो आणि तिथली राणी प्रमिला शेवटी अर्जुनाची बायको होते. मराठी घरांत याहून जास्त ओळखीचं स्त्रीराज्य ‘नवनाथ भक्तिसारा’तलं. मारुतीच्या भुभुःकारामुळे तिथे पुरुष जगत नाही, गर्भातच मरतो. तिथली राणी मैनाकिनी. तिच्यापाशी मच्छिंद्रनाथ जाऊन राहतात, तिच्यापासून त्यांना मीननाथ होतो, आणि मग गुरूला सोडवायला गोरक्षनाथ निघतात. ते कसे शिरतात ते बघण्यासारखं आहे. कलिंगा नावाच्या नायकिणीच्या ताफ्यातून, बाईच्या वेषात, मृदंग वाजवत. ‘चलो मच्छिंदर गोरख आया’ हे बोल मृदंगातून उमटतात आणि गुरू खडबडून जागा होतो. १९३२ साली प्रभातने यावर ‘माया मच्छिंद्र’ काढला, शांतारामबापूंनी. त्यात राणी झालेल्या दुर्गाबाई खोटे यांचा दरारा आणि त्यांच्याजवळचा चित्ता यांचं कौतुक अजून होतं.

ही कथा मला आवडते, लहानपणापासून. पण नीट बघितलं तर त्या राज्यात राहणाऱ्या हजारो बायकांपैकी कोणाचं काय म्हणणं आहे हे आपण ऐकतच नाही. पुरुष नसलेल्या देशात शेती कोण करतं, न्यायनिवाडा कसा होतो, मुली झाल्यावर आनंद होतो की मुलगा जगला नाही म्हणून रडारड? पोथीला याच्याशी देणंघेणं नाही. तिथलं सगळं ऐश्वर्य म्हणजे योग्याची परीक्षा. मैनाकिनीचा शाप सुटतो, आणि पोथी गुरुशिष्यांच्या मागे पुढच्या मुक्कामाला निघते. ज्या कलिंगेच्या आधाराशिवाय गोरक्षाला सीमा ओलांडता आली नसती, ती तर त्याहून आधी विसरली जाते. भक्तिग्रंथाला मी कादंबरीचे नियम लावत नाही. त्याचा हेतू वेगळा होता. पण शंभर-दीडशे वर्षांनी जगभरच्या कादंबरीकारांनी हीच मांडणी उचलावी आणि तिला नवी समजावी, याचं हसू येतं.

दुसरा साचा, दडपलेल्या बाईचा, अधिक फसवा आहे. कारण त्याला प्रगतिशील चेहरा असतो. सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेतलं ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ हे १९५४ चं पुस्तक घेऊ. नार्नियाच्या दक्षिणेला, वाळवंटापलीकडे कालोर्मेनचं साम्राज्य आहे. पागोटी, वाकड्या तलवारी, पालख्या, गुलाम, लांबलचक पदव्या, म्हणींतून बोलणारे सरदार. सगळं ‘अरेबियन नाइट्स’मधून उचललेलं. तिथल्या एका सरदाराची मुलगी अरावीस. सावत्र आईच्या सांगण्यावरून बाप तिचं लग्न अहोश्ताशी ठरवतो. तो म्हातारा, कुबडा, वानरतोंडा आणि खुशामत करून वर चढलेला. अरावीस खंजीर घेऊन जीव द्यायला निघते, तेव्हा तिची घोडी बोलू लागते आणि सांगते की नार्नियात कुठल्याही मुलीला मनाविरुद्ध लग्न करावं लागत नाही. झालं, दोन्ही संस्कृतींचा निकाल एका वाक्यात लागला.

अरावीस मस्त उभी राहिली आहे, हे कबूल करायला हवं. ती घोडा दामटते, गोष्ट सांगायला बसली की खानदानी कालोर्मेनी थाटात सांगते, आणि बरोबरच्या मुलाला जागोजागी जमिनीवर आणते. पण तिच्याइतकीच मला तिची मैत्रीण लासारलीन महत्त्वाची वाटते. राजधानीत अरावीस तिला भेटते. लासारलीन कपडे, मेजवान्या आणि गावभरच्या गप्पा यांत बुडालेली. अहोश्तासारखं स्थळ नाकारतं कोण, हे तिच्या डोक्यात शिरत नाही. लेखक तिला हसतो आणि आपल्यालाही हसवतो. पण हीच बाई राजवाड्यातून मैत्रिणीला बाहेर काढण्याचा धोका पत्करते. कोचामागे लपून दोघींना सम्राटाचा कट ऐकावा लागतो, सापडलो तर मरण हे तिला पक्कं माहीत असतं, ती भीतीने अर्धमेली होते. अरावीस दरडावते, पण शेवटी पाण्याच्या दारापर्यंत तिला नेऊन सोडते लासारलीनच. आणि मग? मग काहीच नाही. अरावीस उत्तरेला जाते, तिथे राणी होते. लासारलीन आपल्या शहरात, आपल्या नवऱ्याकडे, आपल्या मखमलीत परत जाते आणि पुस्तक तिच्याकडे वळूनही बघत नाही. अरावीसने पळताना जिला गुंगीचं औषध दिलं आणि जिच्या पाठीवर त्यापायी फटके बसले, ती दासी तर निनावीच. तिच्या फटक्यांचा हिशेब होतो, पण तो नार्नियाचा देवतुल्य रक्षक असलेल्या सिंहाने अरावीसच्या पाठीवर ओढलेल्या ओरखड्यांतून, म्हणजे अरावीसच्या शिक्षणाचा भाग म्हणून.

आता नार्नियाकडे बघू. याच मालिकेच्या १९५० च्या पहिल्या पुस्तकात मुलींना हत्यारं मिळतात, पण ती देतानाच सांगितलं जातं की बायका लढल्या की लढाया विद्रूप होतात. १९५६ च्या शेवटच्या पुस्तकात सुझन, नार्नियाची माजी राणी, स्वर्गाच्या दारात नसते. कारण तिला लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि आमंत्रणं यांत रस वाटू लागलेला असतो. म्हणजे लासारलीनचा दोष आणि सुझनचा दोष एकच. कालोर्मेनमध्ये तो संस्कृतीचा दोष ठरतो, नार्नियात एका मुलीचा. समोरच्या घरातला कचरा त्यांच्या रक्तात असतो आणि आपल्या घरातला कालच्या पाहुण्यांमुळे झालेला असतो, तसंच हे.

लुईसला एकट्याला धरून काही होणार नाही, कारण त्याने हे साम्राज्याच्या भाषेतून घेतलं होतं. १८८३ ते १९०७ या काळात इजिप्तचा कारभार हाकणारा लॉर्ड क्रोमर इस्लामने बाईची अवस्था किती हीन केली आणि बुरखा कसा प्रगतीच्या आड येतो हे हिरिरीने लिहीत असे. तोच क्रोमर इंग्लंडात परतल्यावर बायकांना मताधिकार मिळू नये म्हणून स्थापन झालेल्या पुरुषांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. परक्या बाईची कणव आणि घरच्या बाईची अडवणूक एकाच माणसात सुखाने नांदत होती.

मुंबई इलाख्यात हाच खेळ खऱ्या माणसांवर झाला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, आणि १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तिच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने तो फिरवून नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं. ती म्हणाली, तुरुंग चालेल. एका बाजूला इंग्रजी वर्तमानपत्रांना हिंदू समाजाच्या मागासपणाचा पुरावा मिळाला, दुसऱ्या बाजूला ‘केसरी’ने तिला धर्मबुडवी ठरवलं. गंमत अशी, की बायकोला नांदायला भाग पाडण्याचा हा दावाच मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला होता. पिन्हींनी ते बोलून दाखवलं. म्हणजे सोडवणाऱ्यांनीच आणलेली ती बेडी होती. आणि या सगळ्या गदारोळात ती बाई काय करत होती? ‘अ हिंदू लेडी’ अशा सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रं लिहून स्वतःचं म्हणणं मांडत होती.

त्याच्या थोडं आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, आणि वर्तमानपत्रांतले पुरुष सगळ्या बायकांच्या नीतीवर घसरले. त्याला दिलेलं हे उत्तर. ताराबाई कोणाच्या बाजूला पळून गेल्या नाहीत. त्या आपल्याच भाषेत, आपल्याच पुराणांचे दाखले देत, आपल्याच पुरुषांची सालटी सोलत बसल्या. देवांनाही सोडलं नाही.

आता हा प्रश्न विचारा: आपल्या आवडत्या फँटसीतल्या शत्रूच्या मुलखात एखादी ताराबाई आहे का? कालोर्मेनमध्ये नाही. ड्रावांच्या शहरात नाही. लेखकाने नकाशे काढले, वंशावळी रचल्या, चलन, पंचांग, देवळं, शिव्यासुद्धा तयार केल्या. पण या समाजातली एखादी बाई चिडून, त्याच समाजात राहून, त्याचं वाभाडं काढेल ही शक्यता त्याच्या नकाशात नव्हती. समाज जिवंत आहे हे मला तरी या एका गोष्टीवरून कळतं.

आपल्या जुन्या ग्रंथांत याचा एक विलक्षण प्रसंग आहे, आणि तो फारसा आठवला जात नाही. कर्णपर्वात शल्य कर्णाचा सारथी होतो आणि दोघांचं वाजतं. कर्ण शल्यावर तुटून पडतो, पण वार करतो तो त्याच्या मद्रदेशातल्या बायकांवर. त्या दारू पितात, नाचतात, लाज सोडतात, कोणाबरोबरही जातात, अशी यादीच सुरू होते. वायव्येकडच्या लोकांत वारसा मुलाला न जाता बहिणीच्या मुलाला जातो, असंही तो कुत्सितपणे सांगतो. शत्रूच्या घरातली बाई हा हुकमी पत्ता कुरुक्षेत्रावरही निघाला होता तर! शल्य उत्तर देतो, की तू ज्या अंगदेशाचा राजा आहेस तिथे आजाऱ्यांना टाकून देतात आणि बायकापोरं विकतात. आणि चांगली-वाईट माणसं सगळ्याच देशांत असतात, दुसऱ्याचे दोष दिसण्यात प्रत्येकजण पटाईत असतो.

शल्याचं उत्तर सोपं आणि शहाणं आहे. पण त्याहून मोठं उत्तर ग्रंथाच्या पोटात आहे. वटपौर्णिमेला जिच्या नावाने वडाला दोरा गुंडाळतात ती सावित्री मद्रराज अश्वपतीची मुलगी. पांडूबरोबर चितेवर चढलेली माद्री मद्रदेशाची, खुद्द शल्याची बहीण. पतिव्रतेच्या आदर्शाची दोन नावं त्याच मुलखातून आलेली, ज्या मुलखातल्या बायका कर्णाच्या मते निर्लज्ज. सावित्री तर नवराही स्वतः फिरून शोधून आणते आणि नारदाने वर्षभराच्या मरणाची बातमी दिल्यावर बापाशी वाद घालून त्याच्याशीच लग्न करते. महाभारतकाराने कर्णाला बोलू दिलं आणि त्याच पुस्तकात त्याला खोटंही पाडलं. एवढ्या विस्ताराच्या ग्रंथात हे मुद्दाम झालं की आपोआप, यावर विद्वानांनी भांडावं. मला एवढंच दिसतं, की शत्रूबद्दलची शिवी आणि शत्रूच्या घरातली माणसं दोन्ही एका जागी ठेवायला तिथे लेखक कचरला नाही. आजच्या फँटसीत बहुधा शिवी तेवढी उरते.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही समाज बायकांना खरोखर वाईट वागवतात. लेखकाने ते लपवायचं का? जॉर्ज मार्टिनचे चाहते हेच म्हणतात. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) मधल्या दोथ्राकी टोळ्या घोड्यांवर जगतात, गावं जाळतात, बायका लुटतात. मार्टिनने त्या मंगोल, हूण आणि उत्तर अमेरिकेतल्या मैदानी जमातींच्या मिश्रणातून घडवल्याचं सांगितलं आहे. लग्नात निदान तीन खून पडले नाहीत तर ते लग्न नीरस, असा त्यांचा लौकिक. तेरा वर्षांची डेनेरिस तिथे दिली जाते. देणारा तिचा सख्खा भाऊ, म्हणजे तथाकथित सुसंस्कृत वेस्टरॉसचा वारस, हे मात्र मार्टिन स्पष्ट दाखवतो. त्याच्या जगात कोणाचंच घर स्वच्छ नाही.

पण इतिहास तसाच होता, हे समर्थन इतिहास उघडला की डळमळतं. ओगदेई खान १२४१ मध्ये मेल्यावर मंगोल साम्राज्य १२४६ पर्यंत त्याची विधवा तोरेगेने चालवत होती. सोरघाघतानी बेकीने मोंगके, कुबलाई आणि हुलागू या मुलांना सत्तेच्या वाटेवर आणताना जे डावपेच केले, त्यांचं कौतुक परक्या इतिहासकारांनीही केलं. छळ, लूट, बलात्कार हे खरंच होतं. आणि त्याच समाजात बायका राज्यं चालवत होत्या, एकमेकींना संपवत होत्या, वारसाहक्कावर घाव घालत होत्या, हेही खरंच होतं. कादंबरीत यातलं पहिलं भरपूर आलं. दुसऱ्याच्या नावाने दोश खालीन या विधवांचं मंडळ आहे, ज्याला खाल, म्हणजे टोळीप्रमुखसुद्धा मान देतात. पण पहिल्या पुस्तकात त्या बायका भविष्य सांगतात, भांडत नाहीत. वास्तववादाची हौस निवडक असते ती अशी.

तरी मार्टिनला एक श्रेय द्यायलाच हवं. मिर्री माझ दूर ही लुटल्या गेलेल्या गावातली वैदू बाई. डेनेरिस तिला बलात्काऱ्यांच्या तावडीतून सोडवते आणि कृतज्ञतेची वाट बघते. मिर्री विचारते, माझ्यावर तिघे चढून झाल्यावर, माझं देऊळ जळून गेल्यावर तू नेमकं काय वाचवलंस? वाचवलेल्या बाईने वाचवणारीला जाब विचारण्याचा असा प्रसंग या वाङ्मयप्रकारात विरळा. तिला शेवटी चितेवर जाळतात. दोन वाटांपैकी दुसरी.

ज्या शत्रूंच्यात बाईच नाही, त्यांच्याबद्दल थोडक्यात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनचे ऑर्क हजारोंनी येतात आणि हजारोंनी मरतात. त्यांचा सरदार बोल्ग हा अझोग नावाच्या ऑर्कचा मुलगा आहे, म्हणजे त्याला आई असणार, पण ती कुठे नाही. ‘बाहुबली’च्या पहिल्या भागातल्या कालकेयांना मदन कार्कींनी ‘किलिकी’ नावाची स्वतंत्र भाषा करून दिली, इतका अभ्यास झाला. त्यांच्यातली एकही बाई पडद्यावर आल्याचं मला आठवत नाही. बाईशिवायच्या टोळीची कत्तल बघताना पॉपकॉर्न गिळायला जड जात नाही, हे त्याचं साधं कारण. टॉल्किनला हे सुचलं नव्हतं असं नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये आलेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये गाड्यांतून फिरणाऱ्या पूर्वेकडच्या शत्रूंबद्दल एक ओझरता उल्लेख आहे, की त्यांच्या तरुण बायकाही शस्त्रं शिकत आणि घरादारासाठी त्वेषाने लढत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या आपल्या बाजूच्या एओविनला लढण्यासाठी पुरुषाचा वेष घ्यावा लागतो. एका ओळीत एवढं सांगून तो पुढे गेला. त्या ओळीवर एक अख्खी कादंबरी उभी राहिली असती.

हे करता येतं, आणि करून दाखवलं अमेरिकन लेखिका उर्सुला ली ग्विनने. मात्र एका फटक्यात नाही. १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये तिने पहिला धक्का रंगाचा दिला. नायक गेड तांबूस-सावळा, त्याच्या द्वीपसमूहातली बहुतेक माणसं तशीच, आणि गावं जाळायला येणारे रानटी कार्ग हे गोरे, पिंगट केसांचे. पण बाईच्या बाबतीत ती जुन्याच वाटेवर होती. गेडच्या देशात बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट अशा म्हणी रूढ आहेत, रोक बेटावरच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही, आणि पुस्तक यावर भुवईही उंचावत नाही.

१९७१ मध्ये ‘द टूम्स ऑफ अटुआन’ आलं आणि कथा शत्रूच्या घरात शिरली. टेनार या कार्ग मुलीला पाचव्या वर्षी आईबापांपासून तोडून देवस्थानात आणतात, नाव पुसतात, प्रमुख पुजारीण करतात. तिथे फक्त बायका आणि खोजे. खाली काळोखा भुलभुलैया. चित्र ओळखीचंच आहे: शत्रूचं बायकी, अंधारं विश्व आणि त्यात हातातल्या काठीवर उजेड घेऊन शिरणारा आपला पुरुष. पण गेड येण्याच्या आधी एक छोटं प्रकरण आहे. टेनारची मैत्रीण पेन्थे, गुबगुबीत, सफरचंदं खाणारी, आळशी, सहज बोलून जाते की इथे या बायकांच्यात जन्मभर पुरून घेण्यापेक्षा मी एखाद्या डुकरं राखणाऱ्याशी लग्न केलं असतं. राजा देव आहे यावर तिचा काडीचाही विश्वास नाही. टेनार हादरते. आपल्या वयाच्या, आपल्याच ताटात जेवणाऱ्या मुलीचा देवावर विश्वास नाही, हे तिला प्रथमच कळतं. भिंतीला तडा परक्या जादूगाराने पाडलेला नाही. शेजारच्या मुलीने, गप्पा मारता मारता पाडलेला आहे. या एका प्रकरणासाठी मी ते पुस्तक नार्नियाच्या सात पुस्तकांच्या वर ठेवतो.

टेनार अर्थात शेवटी गेडबरोबर पळते, म्हणजे पहिली वाट. पण ली ग्विन तिथे थांबली नाही. एकोणीस वर्षांनी, १९९० च्या ‘तेहानू’मध्ये, टेनार परत दिसते ती चाळिशी ओलांडलेली, शेतकऱ्याची विधवा. मुक्त देशात आलेल्या बाईचं पुढे काय झालं? भांडीकुंडी, गोठा, दोन मुलं. नवरा गेल्यावर शेत कायद्याने मुलाचं, आणि अनेक वर्षांनी समुद्रावरून परतलेला मुलगा ते सहज ताब्यात घेतो. भटक्या गुंडांनी आगीत ढकललेली एक पोर ती सांभाळते आणि देशातले सगळे विद्वान जादूगार तिच्याशी बोलताना तिच्या डोक्यावरून पलीकडे बघतात. नवा महाजादूगार कोण, याचं उत्तर म्हणून त्यांना ‘गाँटवरची एक बाई’ असे शब्द मिळतात आणि त्या शहाण्यांना त्याचा अर्थच लागत नाही. आपल्या बाजूचं घर ली ग्विनने परक्या मुलखातून आलेल्या बाईच्या डोळ्यांनी झाडायला घेतलं. अनेक जुन्या वाचकांना ते आवडलं नाही. आमची गोष्ट बिघडवली अशी ओरड झाली. मला वाटतं, तिथे ती पहिल्यांदा पूर्ण झाली.

आणि मग २००१ चं ‘द अदर विंड’. कार्गांचा नवा राजा आपली मुलगी सेसेराख हिला तहाचा भाग म्हणून गेडच्या द्वीपसमूहाचा तरुण राजा लेबानेन याच्याकडे पाठवून देतो. ती डोक्यापासून पायापर्यंत बुरख्यात. लेबानेन भला माणूस, न्यायी, आपल्याला आवडणारा. पण त्या लाल कापडाच्या ढिगाकडे बघून त्याचं टाळकं सरकतं. हे रानटी लोक आपल्यावर एक मुकी वस्तू लादतायत, एवढंच त्याला दिसतं. इथे वाचक त्याच्या बाजूने असतो, हाच सापळा आहे. तिची भाषा येणारी तिथे एकच बाई, टेनार. तिच्यामार्फत कळतं, की ही मुलगी भेदरली आहे ती आपल्याला ड्रॅगनपुढे टाकायला आणलंय या समजुतीने. आणि तिच्या लेखी हे पश्चिमेकडचे जादूगार लोकच शापित, आत्मा गमावलेले. पुढे कळतं की तिचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. मेल्यावर माणसं पुन्हा जन्म घेतात असं कार्ग मानतात. गेडच्या विद्वान पूर्वजांनी अमरत्वाच्या हव्यासापायी मेलेल्यांसाठी एक कोरडा, निर्जीव देश भिंत घालून अडवून ठेवला होता. जग दुरुस्त करायला जे ज्ञान लागतं ते शत्रूच्या आजीबाईंच्या गोष्टींत शिल्लक राहिलेलं असतं. बुरखा चांगला असं ली ग्विन कुठेही म्हणत नाही. तो बाजूला झाल्यावर आत एक मत असलेलं माणूस सापडतं, आणि ते मत आपल्या बाजूला अडचणीत आणतं.

तरी माझी एक कुरकूर आहेच. सेसेराखचीही गाठ शेवटी आपल्याच राजाशी पडते. पेन्थे त्या वाळवंटातल्या देवस्थानात राहिली, तिचं काय झालं, हे ली ग्विननेही सांगितलं नाही.

मराठीत सध्या पुराणं आणि इतिहास यांवर बेतलेल्या अद्भुत कादंबऱ्या, ऑडिओ मालिका, गेमच्या पटकथा लिहायला तरुण मुलं-मुली बसलेली आहेत. असुर, नाग, राक्षस, यवन, वनवासी जमाती असे तयार शत्रू त्यांना परंपरेने दिले आहेत, आणि त्यांच्यासोबत शूर्पणखा, हिडिंबा, विषकन्या हे तयार साचेही. यातल्या हिडिंबेकडे बघा. भावाच्या खुन्याशी लग्न केलेली ही बाई भीम निघून गेल्यावर मुलाला घेऊन त्याच जंगलात, त्याच राक्षसांच्यात राहिली. तिचा भाऊ हिडिंब मारला गेल्याचा संताप असलेली तिची एखादी चुलती, मावशी, शेजारीण तिथे असणारच. तू भावाला मारणाऱ्याचं पोर वाढवतेस, असं तिने चुलीपाशी ऐकवलं असणार, आणि हिडिंबेने काहीतरी उत्तर दिलं असणार. ते उत्तर भीमाला ऐकू जायची गरज नाही. आपल्याला ऐकू आलं पाहिजे, आणि ते लिहिताना लेखकाला आधी ठरवावं लागेल की त्या मावशीचं म्हणणंही खरं असू शकतं.